एकोणीस सेकंद

पंपाला संसदेत बोलायला एक मिनिट मिळालं, तेव्हा त्याला खासदार होऊन दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते.

पंप हे त्याचं टोपणनाव. निवडून येण्याआधी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर साखळीने बांधलेला हवेचा पंप. या, भरा, चालू लागा; फुकट. निवडणुकीत त्याच्यासमोर उभे असलेले तिघेही लोकांना हवाच देत होते, पण पंपाची हवा निदान चाकात जात होती. लोकांनी त्याला भरघोस मतांनी राजधानीत पाठवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता पंक्चर काढायला गावात कोणी उरलं नाही.

संसदेत त्याची जागा मागून दुसऱ्या ओळीत, खांबाआड होती. खांबामुळे त्याला अध्यक्ष दिसत नसत आणि अध्यक्षांना तो, त्यामुळे दोघांचे संबंध चांगले होते. आठवड्यातून एकदा खेड्यापाड्यांतल्या खासदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकत. ज्याची निघेल त्याला आपल्या भागाचं गाऱ्हाणं मांडायला एक मिनिट. मिनिट संपलं की माइक आपोआप बंद. पुढची दोन-चार वाक्यं खासदार हातवारे करून बोलत, आणि सभागृहाच्या मते तीच सर्वांत चांगली असत.

पंपाच्या भागाची गाऱ्हाणी पोतंभर होती, पण या वेळी सगळ्यांनी मिळून एकच पुढे केलं होतं. गावाला रेल्वेचा थांबा होता. स्टेशन म्हणावं असं काही नाही. एक बुटका फलाट, एक बाक आणि एक पाटी. सकाळची गाडी तिथे एक मिनिट थांबे. नव्या वेळापत्रकात रेल्वेने असे चौदा थांबे काढून टाकायचं ठरवलं होतं. चौदा थांब्यांची चौदा मिनिटं वाचून गाडी, आणि गाडीबरोबर देश, तेवढा पुढे जाणार होता.

पंपाच्या घरात या थांब्याचा अर्थ वेगळा होता. त्याची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा त्याच गाडीने शहराच्या इस्पितळात डायलिसिसला जाई. गाव तिला नर्सबाई म्हणे. चाळीस वर्षं तिने गावोगाव बाळंतपणं केली. पंपाचे निम्मे मतदार तिने उलटे धरून रडवले होते. आई गेली तेव्हा पंप चार वर्षांचा होता आणि ताई एकवीसची. तेव्हापासून तीच आई.

"थांबा गेला तर काय करायचं गं?" पंपाने तिला विचारलं होतं. दुसरं स्टेशन नऊ मैलांवर, आणि त्या वेळेला तिकडे जायला काही वाहन नाही. "शहरात खोली बघू का?"

"मी नाही जायची खोलीत राहायला. थांबा गेला तर इस्पितळही बंद," ताई म्हणाली. "अडुसष्ट वर्षं झाली. पुरे की." दुसरा कप चहा नको म्हणावं, तशा आवाजात.

त्याने पंधरा दिवसांत रेल्वेला अकरा पत्रं लिहिली. उत्तरं बारा आली, त्यातलं एक चुकून दुसऱ्याच खासदाराचं होतं. आणि मग चिठ्ठी निघाली.

भाषणाचा कागद पक्षाच्या प्रतोदाने दिला. प्रतोद म्हणजे खासदारांना कधी उठायचं आणि कधी बसायचं हे सांगणारा माणूस. आदल्या संध्याकाळी पंपाने तो कागद फोनवर ताईला वाचून दाखवला. तिच्याकडे नाडी मोजायचं सेकंदकाट्याचं घड्याळ होतं.

"सत्तावीस सेकंद," ताई म्हणाली.

"संपलं कुठे अजून? आत्ताशी आभार झाले."

"तेवढ्यात मी एक बाळ जगात आणून पुसून ठेवायचे. कोणाकोणाचे आभार मानतोस रे? त्यांना चढायचंय का गाडीत?"

"प्रतोद रागावेल."

"रागावू दे. मी पाठवलेला कागद वाच."

ताईने तो कागद दोन आठवडे फलाटावर उभं राहून, घड्याळ लावून तयार केला होता. थांब्यावर कोण चढतं आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो, याची यादी. पंपाने वाचली, बोटांवर मोजली, पुन्हा मोजली.

"ताई, बेरीज चुकतेय. एक्केचाळीसच होतात."

"बरोबर आहेत."

"मग गाडी एक्केचाळीस सेकंदांत का नाही सुटत?"

"गार्ड आळशी आहे."

गार्ड आळशी नव्हता. पंपाने त्याची सायकल तीन वर्षं दुरुस्त केली होती. तो ब्रेकसुद्धा वेळेवर लावायचा.

"तू कितवी चढतेस गं?"

"शेवटची. आधी पेशंट आत घालायचे, मग आपण. सवय आहे ती."

"आणि तुला किती वेळ लागतो?"

पलीकडे कढईत उलथनं जोरजोरात फिरलं.

"भाजी करपतेय माझी," ताई म्हणाली. "आणि ऐक, बाळ्या. माझं रडगाणं देशाला ऐकवू नकोस. नाव घेतलंस माझं, तर घरी येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

एक्केचाळीस सेकंद कसे जातात हे पंपाला आता ठाऊक होतं. उरलेले कसे जातात, ते त्याला त्या संध्याकाळी कळलं. तीनच तर पायऱ्या.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारलं गेलं. तो खांबाआडून बाहेर आला, आणि अध्यक्षांनी हे सदस्य कोण, असं शेजाऱ्याला विचारलं. माइकवरचा दिवा लागला.

"अध्यक्ष महोदय, आमच्या गावात गाडी एक मिनिट थांबते. रेल्वे म्हणते ते मिनिट वाया जातं. ते कुठे जातं ते सांगतो."

आभार आले नाहीत हे पाहून प्रतोदाने कपाळाला हात लावला.

"दोन दूधवाले, आठ कॅन, चौदा सेकंद. शाळेच्या अकरा मुली, सहा. शिंपी आणि त्याचं गाठोडं, पाच. कोंबडीवाली, नऊ, कोंबडी सुटली तर जास्त. मास्तर, सात. त्यातले चार ते 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करण्यात घालवतात. ते कमी करा असं मी त्यांना सांगू शकत नाही, माझी पोरं त्यांच्या वर्गात आहेत."

सभागृह हसलं. पंप हसला नाही.

"झाले एक्केचाळीस. उरले एकोणीस. त्या एकोणीस सेकंदांत एक बाई तीन पायऱ्या चढते. शहरात यंत्रातून तिचं रक्त शुद्ध करतात. तिने जाणं थांबवलं, तर ती राहणार नाही. ती माझी थोरली बहीण आहे. मला तिने वाढवलंय. नाव घेऊ नकोस म्हणालीय, म्हणून नाव मी—"

दिवा विझला. पंपाने हातवारे केले नाहीत. तो खाली बसला, आणि खांबाआड त्याने रुमाल काढला.

मंत्री उठून म्हणाले, "माननीय सदस्यांच्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे." या वाक्याचा त्यांना अठरा वर्षांचा सराव होता. पण बसताना त्यांनी शेजारच्या सचिवाला हळूच काहीतरी सांगितलं.

ताईचा फोन पाच मिनिटांत आला.

"म्हातारी केलंस मला अख्ख्या देशासमोर!"

"मी थोरली म्हणालो."

"एकोणीस म्हणालास! सगळं गाव टीव्ही बघत होतं. आता मी चढायला लागले की हे मेले तोंडाने आकडे मोजणार."

तिने चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी रेल्वेचा एक अधिकारी खात्री करायला येणार असल्याचं कळलं, म्हणून पंप रातोरात नव्हे, पण पहिल्या गाडीने गावी आला.

अधिकारी उन्हाने रापलेला, किडकिडीत आणि अबोल होता. गळ्यात घड्याळ, हातात वही. गाडी आली. दूधवाले, मुली, शिंपी, कोंबडीवाली, मास्तर. सगळे शिस्तीत चढले. मास्तरांनी तर देशाची नजर आपल्यावर आहे म्हणून पाच सेकंद 'आधी तुम्ही' केलं.

मग ताई. तिने पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला, पंपाकडे एकदा जळजळीत पाहिलं आणि दांडा धरून एक, दोन, तीन, वर. आठ सेकंद.

फलाटावर कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पंपाने बोटांवर हिशेब केला. बहिणीच्या अकरा सेकंदांच्या तोऱ्यापायी थांबा हातचा जाणार होता.

गार्डने हिरवा झेंडा उचलला. अधिकाऱ्याने डावा हात वर करून त्याला थांबवलं. दारात ताई दांडा धरून उभी होती. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. डब्यातला बाक चार पावलांवर होता आणि ती पहिलं पाऊल कुठे टाकावं ते शोधत होती. पंप धावत डब्यात चढला. त्याने तिला दंडाला धरलं, तिने झिडकारलं नाही, आणि दोघं हळूहळू बाकापर्यंत गेली. ती टेकली. तेव्हा कुठे अधिकाऱ्याने घड्याळ दाबलं.

"एक मिनिट सतरा," तो म्हणाला.

"पण साहेब," पंप खिडकीतून म्हणाला. प्रामाणिकपणा हा त्याचा राजकारणातला जुना दोष होता. "चढली तर ती आठ सेकंदांतच."

"प्रवासी बसल्याशिवाय चढला असं मी धरत नाही."

"असा नियम आहे?"

"आता आहे," अधिकारी म्हणाला आणि वहीत लिहिलं: एक मिनिटाचा थांबा अपुरा.

गाडी सुटली. ताईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"संसदेत एवढं मिनिट तुला दिलं त्यांनी," ताई म्हणाली, "आणि मी घालवत होते ते."

"तुझी उडी मात्र झकास होती."

"गप्प बस." मग थोड्या वेळाने, "मी इस्पितळ बंद म्हणाले होते ना, ते मनापासून म्हणाले होते."

"ठाऊक आहे मला."

"आता नाही म्हणत."

पंपाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने बराच वेळ पाहिलं.

नव्या वेळापत्रकात तेरा थांबे गेले आणि पंपाच्या गावचा दोन मिनिटांचा झाला. जास्तीच्या मिनिटाचं काय करायचं, हे पहिल्या दिवशी कोणालाच सुचेना. ताईला सुचलं. ती पहिली पायरी चढली आणि थांबली. दूधवाल्याला त्याच्या सुनेचा कितवा महिना ते विचारलं. दुसऱ्या पायरीवर गार्डला म्हणाली, "धाकटीला लस टोचलीस का रे?" गार्ड म्हणाला, राहिलीय. तिने तिथेच उभं राहून त्याची झाडाझडती घेतली, आणि गार्ड झेंडा बगलेत धरून, मान खाली घालून ऐकत राहिला.