मागितलं तेवढं

वीज नियामक आयोगाच्या अध्यक्षबाईंनी आदेशाचं शेवटचं पान उलटलं, चष्मा नाकावर वर सरकवला आणि वाचलं, "सबब, कंपनीची वितरण दरवाढीची याचिका कोणतीही कपात न करता, पूर्णपणे मंजूर करण्यात येत आहे."



ग्राहक संघटनेचे म्हातारे सेक्रेटरी निषेधाची घोषणा द्यायला खुर्चीतून अर्धे उठले होते. ते तसेच वाकून राहिले, ना धड उभे, ना धड बसलेले. कंपनीच्या वकिलानं 'कपात' असा शब्द कागदावर आधीच लिहून ठेवला होता आणि पुढे आकडा भरायला पेन टेकवलं होतं. ते पेन तिथेच थांबलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. कंपनीचे मोठे साहेब शेजारी वळले आणि हळूच म्हणाले,

"शास्त्री, काय वाचलं त्यांनी?"

"पूर्ण मंजूर, साहेब."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे मागितलं तेवढं."

साहेबांनी आ वासला तो मिटायचं विसरले.

शास्त्री हे काही त्याचं आडनाव नव्हे. कंपनीच्या दरनिश्चिती विभागात तो आकड्यांशी असा खेळायचा की लोक त्याला आकडेशास्त्री म्हणत, आणि मग घाईत नुसतं शास्त्री. वीज तयार करण्याचा खर्च वेगळा आणि ती खांबांवरून, तारांतून तुमच्या दारापर्यंत वाहून आणण्याचा खर्च वेगळा. या दुसऱ्या खर्चाची याचिका दर खेपेला तोच लिहायचा. या खेळाचे नियम कुठे छापलेले नव्हते, पण सगळ्यांना तोंडपाठ होते. कंपनीनं हवं त्याच्या दुप्पट मागायचं. ग्राहकांनी एक पैसाही देणार नाही म्हणून टेबल बडवायचं. आयोगानं मधोमध कात्री चालवायची. मग दोन्ही बाजूंनी घरी जाऊन सांगायचं, बघा, आपणच जिंकलो.

कात्री कुठे चालणार हे शास्त्रीला ठाऊक असायचं, म्हणून जादा चरबी तो नेमकी तिथेच ठेवायचा. 'जीर्ण तारा बदलणे व लाइनमनची सुरक्षा' या सदराखाली. आधीचे अध्यक्ष हसत हसत म्हणायचे, अहो, मागच्या खेपेच्याच तारा अजून लोंबताहेत, नव्या कशाला? आणि अख्खं सदर उडवायचे. कुणाचं काही बिघडायचं नाही. तारा तेवढ्या लोंबत राहायच्या.

यंदा अध्यक्षबाई नव्या होत्या. उभा जन्म न्यायालयात गेलेला. त्यांना या खेळाचे नियम कुणी सांगितलेच नव्हते.

बाहेर व्हरांड्यात चहा आला तेव्हा कुठे साहेबांना वाचा फुटली.

"आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! अरे, मला तर वाटलं माझे कान गेले."

वकील पोट धरून हसत होता. "आता फेरविचार मागायचा झाला तर आपल्यालाच मागावा लागेल. बाईसाहेब, जास्त झालं हो, थोडं परत घ्या!"

"असला गाढवपणा कोण करेल?" साहेब म्हणाले आणि त्यांनी शास्त्रीच्या पाठीवर थाप मारली. थाप एवढी जोरात होती की त्याच्या बशीत चहा सांडला. "सगळं श्रेय याचं. सुनावणीत त्या दिवशी तू वडिलांच्या हाताची गोष्ट काढलीस ना, तिथेच बाई विरघळल्या. काय टाकलंस रे! मला सांग, आधी ठरवून आला होतास?"

"नाही."

"मग तर कमालच."

शास्त्रीनं सांडलेला चहा बशीतून परत कपात ओतला. मग विचारलं, "साहेब, मग तारांचं काम कधी काढायचं?"

"कसल्या तारा?"

"मंजूर झालेल्या."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू या माणसाला चहाच चढला आहे. "आधी तोटा भरून निघू दे. तारा काय, आहेतच की. पडल्यात का?"

शास्त्रीनं चहा तसाच ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून तो निघाला. डोकं खरंच दुखत होतं.

ठरवून आला नव्हता हे खरं होतं. पण ठरवलं नव्हतं तर मग ते तोंडातून आलं कुठून, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. सुनावणीच्या दिवशी शपथ झाली, कागद पुढे आले, आणि बाईंनी त्या सदरावर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा खरा आहे?" असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. लोक विचारायचे, आकडा जास्त नाही का? त्याला उत्तरं होती, डझनावारी. खरा आहे का, याला एकही नव्हतं. बाई वाट बघत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "बाईसाहेब, माझे वडील लाइनमन होते. अशीच एक जुनी तार तुटून त्यांचा हात गेला. मनगटापासून. आम्ही लहान होतो." बाईंनी मान हलवली, बोट उचललं आणि पान उलटलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला होता, आणि त्याचीच आता त्याला शिसारी येत होती.

तो चालत ताईच्या बेकरीकडे निघाला. तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढंच डोक्यात होतं. लाकडाची भट्टी मोडायला त्यानंच लावली होती. धुरानं ताईचा खोकला हटत नव्हता आणि त्यानं हट्टच धरला होता, विजेची घे, दोन घे, बिलाची काळजी करू नकोस, दर ठरतात तिथे मी बसलोय ना! जुन्या भट्टीच्या विटांची ताईनं दुकानाला पायरी करून घेतली होती. दरवाढ अर्ध्यावर आली असती तर दोन्ही भट्ट्या चालल्या असत्या. पुऱ्या दरवाढीत एकच कशीबशी चालणार होती. हे गणित त्यानं याचिका लिहितानाच करून ठेवलं होतं. उत्तर आलं तेव्हा हसून म्हणाला होता, पण एवढं देणार कोण आहे?

पायरीवर पाय ठेवला तसा पावाचा वास आला. ताई पत्र्याचे ट्रे बाहेर काढत होती. गल्ल्यापाशी बाबा बसले होते. शास्त्री पायरीवरच थबकला.

बाबा कधी गल्ल्यावर बसत नसत. ते मागे पोत्यांपाशी बसायचे, उजव्या हातानं पाव मोजून पिशवीत भरायचे. डावी बाही लांब, टोकाशी दुमडून सेफ्टी पिननं बंद केलेली. ती पिन रोज सकाळी ताई लावून द्यायची. गिऱ्हाईक आत डोकावलं तर बाही टेबलाखाली जायची. इतकी वर्षं त्या हातावर घरात अवाक्षर नव्हतं. आज बाबा दारासमोर, उजेडात बसले होते आणि डावी बाही कोपरापर्यंत वर सारलेली होती. सेफ्टी पिन शर्टाच्या खिशाला अडकवलेली होती. मनगटाचं ते गुळगुळीत टोक त्यांनी खुशाल काउंटरवर टेकवलं होतं.

"या, आकडेशास्त्री!" बाबा म्हणाले. त्यांनी त्याला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. मारली तर 'कागद खरडतो तो' एवढंच म्हणायचे.

"बाबा, बाही..."

"असू दे. उकडतंय." आणि मग पाव न्यायला आलेल्या शिंपीणबाईंना म्हणाले, "हा माझा मुलगा. सगळ्या जुन्या तारा बदलायला लावल्यात यानं."

शिंपीणबाईंनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि पाव घेऊन गेल्या. शास्त्रीनं ताईकडे पाहिलं. तिनं ट्रे ठेवला, पदराला हात पुसले.

"कळलं आम्हाला," ती म्हणाली. "रेडिओवर सांगितलं. मागितलं तेवढं दिलं म्हणे."

"ताई, मी तेच सांगायला..."

"मला माहीत होतं देणार ते. मी होते ना तिथे."

"कुठे?"

"सुनावणीला. मागच्या रांगेत, खांबाआड. बरोबर हरकतीचा कागद होता, दोन भट्ट्यांचं बिल होतं. म्हटलं, भाऊ असला म्हणून काय झालं, पोटावर पाय येतोय तर बोलायलाच हवं. तुला मुद्दाम नाही सांगितलं. उगाच अवघडला असतास."

शास्त्रीला बसावंसं वाटलं. जवळ मैद्याचं पोतं होतं, तो त्याच्यावर बसला.

"मी तुला पाहिलं नाही."

"तू बोललास आणि लगेच साहेबांबरोबर बाहेर गेलास. मग माझं नाव पुकारलं. बाई म्हणाल्या, बेकरीवाल्या बाई, तुमची हरकत आहे ना? मी म्हटलं, होती. आता नाही." ताई हसली. "त्या म्हणाल्या, का हो? मी म्हटलं, आत्ता जो माणूस शपथेवर बोलून गेला, तो खोटं बोलायचा नाही. तू माझा भाऊ आहेस हे नाही सांगितलं हं. वशिला वाटला असता."

"तू हरकत मागे घेतलीस?"

"मग काय करणार? तारांसाठी पैसे लागतात म्हणालास. मी भट्टी धरून बसू?" तिनं मागे वळून दुसऱ्या भट्टीकडे पाहिलं. भट्टीचा लाल दिवा लागलेला होता. "ही उद्यापासून बंद. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? काल रडलेसुद्धा. पण कुणाचा तरी बाप दोन्ही हातांनी घरी येईल ना रे? आपला नाही आला, निदान दुसऱ्याचा तरी."

बाबा गल्ल्यावरून म्हणाले, "आधी सबस्टेशनच्या मागची ओळ घ्यायला सांग. तिथली लाइनमन पोरं अजून त्याच तारांसाठी खांबावर चढतात. कधी सुरू करताय काम?"

दोघंही त्याच्याकडे बघत होते. अध्यक्षबाईंनी पाहिलं होतं, तसंच. या वेळीही 'लवकरच' म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर होता, सवयीचा होता.

"नाही करणार," तो म्हणाला.

"काय नाही करणार?"

"तारा नाही बदलणार, बाबा. कुणीच बदलणार नाही. त्या कधी बदलायच्याच नव्हत्या. आम्ही दुप्पट मागतो, ते निम्मं उडवतात. जे उडवायचं ते मी तारांच्या नावावर टाकतो. दर खेपेला."

ताईनं विचारलं, "आणि बाबांचा हात?"

"त्यांनी विचारलं, आकडा खरा आहे का. मला काही सुचेना, ताई. मग हाताचं सांगितलं." त्यानं बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. "हात खरा होता. आकडा खोटा होता."

ताई उभी होती तिथेच खाली बसली, जमिनीवर, ट्रेच्या शेजारी. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी.

बाबांनी काउंटरवरचं मनगट उचललं. उजव्या हातानं बाही खाली ओढली. एक दुमड, मग दुसरी. बाही पुरती खाली आली आणि टोक रिकामं लोंबायला लागलं. मग त्यांनी खिशाला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, दातांनी उघडली, आणि टोक दुमडून तिच्यात अडकवायला गेले. एका हातानं ते होईना. कापड निसटत होतं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं.

शास्त्री उठला. "मी उद्या आयोगात जातोय," तो म्हणाला. "बाईंसमोर. त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायला."

"नोकरी जाईल तुझी," ताई जमिनीवरूनच म्हणाली. आवाज सपाट होता. "खटलासुद्धा होईल."

"होईल."

बाबांची पिन पुन्हा निसटली आणि काउंटरवर पडली. शास्त्री पुढे झाला, त्यानं ती उचलली आणि बाहीच्या टोकाला हात लावला.

बाबांनी हात मागे घेतला.

"आधी जाऊन ये," ते म्हणाले.