उघाडीवरचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक छोटा संगणक आहे. माझे वय सहाच वर्षे, पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते. मला पडदा नाही, कळफलक नाही. तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा आणि कडेला एक लाल दिवा, एवढाच माझा देह.

अमिषाने मला मुंबईतल्या एका दुकानातून आणले. ती तिकडे नोकरीला होती आणि दर शनिवारी मांडव्याच्या बोटीने घरी यायची. तिच्या पिशवीत बसूनच मी पहिल्यांदा समुद्र ओलांडला.

तिच्या गावची भातशेती खाडीला लागून आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधाला फळ्यांचे दार. त्या दाराला तिथे उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला बंद करायची. एखादी फळी सैल झाली तर खारे पाणी आत शिरते आणि भात करपते. अमिषाचे वडील नामा यांनी चाळीस वर्षे ही उघाडी सांभाळली. मोठ्या उधाणाला बांधावरून कोणी हाक मारली की सर्वांत आधी तेच धावायचे. पण अलीकडे कितीही हाका मारल्या तरी ते उठत नसत. काही विचारले तर भलतेच उत्तर देत. लोक म्हणू लागले की नामा आता कुणाचे ऐकत नाही, हट्टी झाला आहे. अमिषाला ते फार लागे.

म्हणून तिने मला उघाडीजवळच्या पंपाच्या खोलीत बसवले आणि पाणी मोजणारी तार खाली सोडली. पाणी खुणेच्या वर चढले की मी शिट्टी वाजवायची आणि सर्वांच्या फोनवर निरोप धाडायचा. पहिल्या महिन्यात मी दोनदा वेळेवर निरोप दिला. शेजारच्या परेशने तर माझ्या डब्याला हार घातला. मी हरखून गेलो.

मग मी बिघडलो. निरोप पाठवायला जायचो आणि मध्येच माझी शुद्ध हरपायची. जाग आली की काय करत होतो तेच आठवायचे नाही. श्रावणातल्या पौर्णिमेच्या उधाणाला नेमका असाच गप्प झालो. नामांची दोन खाचरे पिवळी पडली. परेशचेही एक गेले. त्याने हार काढून टाकला, आणि त्याचा राग खोटा नव्हता.

अमिषाने चार दिवसांची रजा घेतली. मेमरी कार्ड बदलले. सगळे प्रोग्राम पुसून पुन्हा भरले. मी तापत असेन म्हणून छोटा पंखा लावला. खाऱ्या हवेने गंज चढला असेल म्हणून माझा एकेक सांधा ब्रशने साफ केला. प्रत्येक बदलानंतर ती बादलीतल्या पाण्यात तार बुडवून खोटी भरती आणायची आणि कान देऊन बसायची. शिट्टी सुरू व्हायची आणि तुटायची. चौथ्या दिवशी दुपारी तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मला टाकून द्यायचे तिच्या मनात आले असावे.

तेवढ्यात नामा चहाची किटली घेऊन आले. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच तार बादलीत बुडवली, एकदा, दोनदा, तीनदा.

"हा लाल दिवा बघ," ते म्हणाले. "निरोप जायच्या येळेला इझतो. मंग फोनवर निरोप येत न्हाय."

अमिषा शिट्टी ऐकत होती. दिव्याकडे तिचे लक्षच नव्हते. पुरेशी वीज मिळते तोवरच तो दिवा जळतो. निरोप पाठवताना मला एकदम जास्त वीज लागायची, आणि चार्जरची वायर होती बारीक आणि लांब. हवी तेवढी वीज माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. तिने चांगला चार्जर आणि जाड, आखूड वायर आणून लावली. तार बुडवली. शिट्टी वाजली, वाजतच राहिली, आणि निरोप गेला. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा गेला.

"बाबा, शिट्टी बघ कशी वाजते," ती हसून म्हणाली.

नामा दिव्याकडेच पाहत होते. तिने पुन्हा तेच म्हटले. मग ती एकदम थांबली. उठून त्यांच्या समोर बसली आणि सावकाश विचारले, "बाबा, तुला ही शिट्टी ऐकू येते का?"

नामांनी किटलीचे झाकण काढले, पुन्हा लावले.

"न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. सांगू कसा? हाकेला धावणारा मानूस मी."

अमिषाने रजा वाढवली आणि वडिलांना अलिबागला नेऊन त्यांचे कान तपासून घेतले. त्यांना कानात घालायचे यंत्र मिळाले. पुढच्या उधाणाला माझा निरोप पोचताच परेश आधी नामांच्या दारात गेला. नामांना हट्टी म्हटल्याबद्दल माफी वगैरे मागणे त्याला जमले नाही. त्याने नामांच्या खांद्यावरची उघाडीची फळी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघे बांधावर आले. उघाडी वेळेत बंद झाली.

त्यानंतर मी पाच पावसाळे पहारा दिला. शेवटी खाऱ्या हवेने माझे सांधे खाल्ले. माझ्या जागी नवा संगणक आला आणि अमिषाने मला गावच्या शाळेत ठेवले. मुले मला हातात घेऊन निरखतात.

मित्रांनो, माझे मागणे थोडेसेच आहे. कोणी अडखळू लागले, उत्तर देईनासे झाले, तर ते यंत्र असो की माणूस, त्याला लगेच बिघडलेले ठरवू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्यापर्यंत काय पोचत नाही ते शोधा. स्वतःहून त्याला सांगता येईलच असे नाही. मला चार दिवस सांगता आले नव्हते, आणि नामांना दोन वर्षे.