मोटरीवर बसायचं कोणी?

धसईवरून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला कमळाकरची भेंडी दिसते. भेंडी त्याची, विहीर त्याची, मोटर त्याची, आणि मोटरीवर बसायला बायको. वाटणीच तशी झाली होती. मोटर आली त्या वर्षापासून भातकापणी उरकली की गीताबाईचा मुक्काम शेडात. शेड म्हणजे चार पत्रे, एक स्टार्टर, भिंतीला प्लगचा बोर्ड आणि खाली अंथरलेलं गोणपाट. शेतावरची लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी नुसतं तोंड दाखवून जाते. आली की उठून बटण दाबायचं आणि पुन्हा बसून राहायचं, कारण पाऊण तासात विहीर तळ गाठते. तेव्हा मोटर बंद केली नाही तर ती कोरडी फिरून जळते. मध्ये एकदा ऑटो स्टार्टर बसवून झाला होता. त्यानं लाईट आल्याबरोबर इमानदारीत मोटर चालू केली आणि तितक्याच इमानदारीत जाळूनही टाकली.

फोन केला की मोटर चालू-बंद करणारा तयार डबा बाजारात मिळतो, नाही असं नाही. पण कमळाकरचं म्हणणं, "डबा कशाला? तू बसतेस ना!" माणूस वाईट नव्हता हो. पण हे बोलताना त्याला काहीच वाटायचं नाही, आणि गीताबाईचं डोकं फिरायचं ते त्यानंच.

तेही तिनं चालवून घेतलं असतं, पण पौष पुनवेला म्हशाची जत्रा भरते. गीताबाईचं माहेर त्याच अंगाचं. तिची आणि धाकट्या बहिणीची, शकूची, जत्रा कधी चुकली नव्हती. शकूला पुढं शहापूरकडे दिली, तरी दोघी जत्रेत भेटायच्या, बांगड्या भरायच्या आणि मोठ्या पाळण्यात बसून घसा बसेस्तोवर ओरडायच्या. मोटर आली आणि सगळं बंद पडलं. पौषात भेंडी फुलावर असते, एक पाणी चुकलं की फूल गळतं. दर वर्षी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, शकू जत्रेतून फोन करायची, "आलीस काय गो?" मागं पाळण्याचा भोंगा वाजत असायचा. गीताबाई गोणपाटावरून म्हणायची, "नाय गो."

कमळाकर मात्र दर वर्षी जायचा. बैलबाजार बघायला म्हणे! गोठ्यात शेपूट नाही, आणि हा चालला बैलांचे दात बघायला.

यंदा घरात भावना होती. मुलाची, रितेशची बायको, लग्नाआधी शहापूरला मोबाईलच्या दुकानात काम केलेली पोर. रितेश कसाऱ्याला कामाला, आठवड्यानं यायचा. मग दुपारी शेडात डबा घेऊन भावनाच यायची आणि सासूजवळ बसायची. एकदा शकूचा फोन तिच्यासमोरच आला, यंदा तरी जत्रेला ये म्हणून. बोलणं झाल्यावर भावना सासूच्या हातातल्या, चार्जरला लावलेल्या फोनकडं बघत म्हणाली, "आई, हा फोन बसेल की तुमच्याऐवजी मोटरीवर."

"अगो, त्याला काय हात हायत?"

"हात सुनिलभाऊ लावून देतील."

सुनिल म्हणजे गावचा वायरमन. फोन वाजला की थरथरतो, त्या थरथरीची तार त्यानं एका छोट्या स्विचला जोडली आणि स्विच स्टार्टरला. एकदा रिंग दिली की मोटर चालू, दुसऱ्यांदा दिली की बंद. रिंग झाली की फोन आपोआप उचललाही जायचा, भावनानं तशी सेटिंग केली होती. गीताबाईनं बांधावर उभं राहून सुनेच्या फोनवरून रिंग दिली आणि शेडात मोटर घुमली, तेव्हा ती पोरीसारखी टाळ्या पिटत सुटली.

दुसऱ्या दिवशी सगळं मुसळ केरात. रात्रीत लाईट गेली आणि फोन मेला. गीताबाईच्या फोनची बॅटरी केव्हाच संपलेली, तो चार्जरच्या जोरावरच जगायचा. लाईट परत आली तर स्क्रीनवर नुसतं बॅटरीचं चित्र. बाजूचं बटण कोणी दाबल्याशिवाय फोन काही चालू होईना.

कमळाकरला हसता हसता ठसका लागला. "म्हणजे मोटरीवर फोन बसवायचा आणि फोनला उठवायला बायको बसवायची! वा रे अक्कल!"

गीताबाईला रात्रभर झोप नाही.

सकाळी दोघी धसईला अक्षयच्या मोबाईलच्या दुकानात गेल्या. त्या फोनची बॅटरी आता येत नाही, हे अक्षयनं पहिल्या वाक्यात सांगून टाकलं. मग भावना म्हणाली, "रूट केला तर? लाईट आली की आपोआप चालू होईल असं करता येतं त्यात."

"काय करता येतं?" गीताबाईनं विचारलं.

"आयफोनचं करतात त्याला जेलब्रेक म्हणतात, म्हणजे तुरुंग फोडणं, आपल्या फोनला रूट," भावना सांगू लागली. "फोन आपण घेतो, पण आतल्या खोलीची चावी कंपनी स्वतःकडं ठेवते. चार्जर लागला की चित्र दाखवायचं, चालू व्हायचं नाय, हे त्या आतल्या खोलीत लिहिलेलं हाय. ते कुलूप काढायचं आणि लिहिलेलं बदलायचं."

"काकी, नका भानगडीत पडू," अक्षय म्हणाला. "चुकलं तर फोनचा दगड होतो. आतलं सगळं पुसलं जातं. पैशाची ॲप चालत नाय, कुलूप काढलेल्या घरात चोर शिरायची भीती. माझ्याकडं पोरं येतात रूट करून द्या म्हणून, मी हाकलून देतो. बरं, एवढं करून मिळतं काय?"

अक्षय खोटं बोलत नव्हता. भावनालाही ठाऊक होतं, सासूचा हा एकच फोन. शकूचा आवाज यायचा तो ह्यातूनच. दगड झाला तर कमळाकर काही दुसरा घेऊन देणार नव्हता. उलट वर्षभर ऐकवत राहिला असता.

गीताबाईनं फोन उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाली, "ह्यात पैसे नायत, फोटो नायत, चोर येऊन नेणार काय? आणि तुरुंगात फोन नाय हो भाऊ, तुरुंगात मी हाय. फोड गो भावना."

घरी ओट्यावर भावना रितेशचा जुना लॅपटॉप घेऊन बसली. आधी सगळे नंबर उतरवून घेतले, मग तार जोडली. गीताबाई तांदूळ निवडायला म्हणून शेजारी बसली, पण सुपातले खडे जिथल्या तिथं. कंपनीचं नाव स्क्रीनवर आलं, गेलं, आलं, गेलं. पुढं काही होईना. भावनाचा चेहरा उतरला.

"झाला काय दगड?" कमळाकरनं झोपाळ्यावरून विचारलं. त्याला हौसच होती.

"फाईल चुकली, बाबा. ह्याच फोनची पण पुढच्या सालची होती." भावनाच्या कपाळावर घाम.

"मग बरोबरची घे," गीताबाई म्हणाली. "आणि तुमी जरा गोठ्यात जा. तिकडं बैल वाट बघतायत."

कमळाकर तोंड पाडून उठला. भावनानं शोधून शोधून दुसरी फाईल घेतली. कंपनीचं नाव पुन्हा आलं, गेलं, आणि ह्या वेळी मागोमाग स्क्रीन उजळली. दोघींचा जीव भांड्यात पडला. पण खरी परीक्षा पुढंच होती. भावनानं आतलं ते एक काम बदललं, उठल्याबरोबर आपल्या फोनवर मेसेज टाकायचं त्यात बसवलं, मग चार्जर ओढून काढला. फोन पटकन मेला. चार्जर परत लावला.

बॅटरीचं चित्र आलं.

गीताबाईचा हात सुपावर तसाच राहिला. चित्र दिसलं आणि पुसलं गेलं. कंपनीचं नाव झळकलं. कोणी हात लावला नव्हता, आणि फोन आपला आपण उठून बसला. मिनिटाभरात भावनाच्या फोनवर मेसेज वाजला: लाईट आली.

"उठला गो! माझा बाळ उठला!" गीताबाई ओरडली, ती शेजारच्या रंगूपर्यंत ऐकू गेली.

पुनवेच्या दिवशी सकाळी फोन शेडात प्लगला आणि सुनिलच्या स्विचला लावून तिघं निघाले. कमळाकर एसटीत सगळ्या वाटेनं पुटपुटत होता. ऐन वेळी काहीतरी होणार, फूल गळणार, मग मला सांगू नका. गीताबाई नवं लुगडं नेसलेली आणि भावनाचा फोन मुठीत धरलेला. तिनं नवऱ्याकडं लक्षच दिलं नाही.

म्हशाला उतरल्यावर घोंगड्यांच्या दुकानांपाशी शकू उभी होती. तिनं आधी कमळाकरला बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं, आणि हातातली पिशवी टाकून धावत आली. दोघी बहिणी रस्त्यातच गळ्यात गळे घालून रडायला लागल्या. गाडीवाले हॉर्न वाजवून थकले.

"आलीस काय गो?"

"आले गो!"

बांगड्या भरून झाल्या, जिलेबी खाऊन झाली, ऊन डोक्यावर आलं. मेसेज काही येईना. गीताबाई सारखी फोन पुढं करायची, भावना बघून मान हलवायची. मग एकदा बघता बघता तिनं डोक्याला हात लावला. "आई, नेटवर्कच नाय. एवढ्या गर्दीत कुठून मिळणार? लाईट येऊन गेली तरी आपल्याला कळणार नाय."

"मी सांगत होतो," कमळाकर म्हणाला. "चला घरी. गेलं ह्या पाण्याचं फूल."

गीताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खरोखर तिनं पिशवी उचलली. इतकी वर्षं नाय गो म्हटलं, एक वर्ष हो म्हटलं आणि त्याच वर्षी भेंडी घालवली, असं आयुष्यभर ऐकावं लागणार होतं. तेवढ्यात मागं भोंगा वाजला. तिनं वळून बघितलं. मोठा पाळणा झाडांच्या वर जाऊन खाली येत होता.

"शकू, चल."

"आता पाळण्यात? काय वेड लागलं?"

"वर गर्दी हाय काय? चल म्हणते ना!"

दोघी बसल्या. पाळणा वर गेला, मुरबाडकडचे डोंगर दिसायला लागले, आणि फोन मुठीत गुरगुरला. लाईट आली. गीताबाईनं घाईघाईनं नंबर लावला, तोवर पाळणा खाली आणि फोन तुटलेला. पुन्हा वर, पुन्हा तेच.

"ए भाऊ!" ती वरून गरजली. "आमाला वरच थांबव!"

"घाबरलात काय मावशी? उतरवतो, उतरवतो!"

"घाबरतेय कसली मेल्या! मोटर चालू करायचीय!"

पाळणेवाला भांबावला, पण हसत हसत त्यानं पाळणा थांबवला, दोघींना अगदी शेंड्यावर ठेवून. गीताबाईनं रिंग दिली. एक रिंग, दोन रिंगा, मग खट्ट झालं. फोन उचलला गेला. आणि तिच्या कानात तिची मोटर घुमली. हौदात पाणी कोसळल्याचा आवाजसुद्धा आला. तिनं फोन शकूच्या कानाला लावला, परत आपल्या कानाला लावला, आणि खाली वाकून ओरडली, "चालली! अहो, मोटर चालली!"

अर्ध्या जत्रेनं वर बघितलं. कोणीतरी शिट्टी मारली. कमळाकर तोंड वासून उभा होता.

पाऊण तासानं मोटर बंद करायची होती. ह्या वेळी तिकिटं कमळाकरनंच काढली. "मला पण ऐकू दे जरा," असं तो इकडं तिकडं बघत म्हणाला. उंचीची त्याला भीती. पाळणा हलल्याबरोबर त्यानं दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि डोळे मिटले.

"माझापण रूट करायचा काय गो फोन?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"भावनाला विचारलं मी. तुमच्यात बँक हाय, तुमच्या कुलपाला हात लावायचा नाय, म्हणाली."

पाळणेवाल्यानं पुन्हा शेंड्यावर थांबवल्यावर गीताबाईनं रिंग दिली. फोन उचलला गेला, मोटरीची घरघर मंदावली आणि थांबली. तिनं फोन कमळाकरच्या कानाला लावला. त्यानं डोळे उघडले. पलीकडं आता काहीच नव्हतं. पत्र्यावर वारा सरकत होता, लांब कुठं एक टिटवी ओरडली, आणि मग तीही गप्प झाली. तो ऐकतच राहिला.

"इतकं सुनसान असतं तिथं?" त्यानं विचारलं.

"असतं."

त्यानं फोन परत दिला. मग दांड्यावरचा एक हात सोडवून त्यानं तिच्या नव्या बांगड्यांवर ठेवला. तिथं गोणपाटावर कोणी नव्हतं. ती इथं होती, झाडांच्याही वर, आणि खाली शकू हात हलवत होती.

पाळणा खाली आला. कमळाकर धडपडत उतरला आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. गीताबाई हलली नाही.

"शकू, ये गो, बस."

"आता कशाला?" कमळाकर म्हणाला. "मोटर तर बंद झाली."

"म्हणूनच," गीताबाई म्हणाली आणि शकूला जागा करून दिली.