खिडकीची केबिन

"थांबा," ती म्हणाली. "एवढ्यात घेऊ नका."

सहलीच्या बोटींची तिकिटं विकणाऱ्या त्या कचेरीत काउंटरपलीकडच्या नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने कार्ड काढून हातात धरलं होतं. पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारी ही बाई शहाणी की खुळी, तेच त्यांना कळेना.

"अहो, पण पुढे महाग नाही का होणार? विमानाचं तर तसंच असतं," बायको म्हणाली.

"विमानाची गोष्ट वेगळी. बोटीत आता भाव चढा आहे. सुटायच्या दोन-अडीच महिने आधी उरलेले पैसे भरायची मुदत येते, तेव्हा हौशे-नवशे गळतात. केबिनी परत येतात आणि कंपनीच्या तोंडचं पाणी पळतं. रिकाम्या केबिनी घेऊन बोट निघाली की गेलं ते गेलं, नंतर कोण विकत घेणार? शेवटी शेवटी भाव असा उतरतो की विचारू नका. फक्त तेव्हा हवी तीच केबिन मिळेल असं नाही."

नवरा-बायको खुशीत निघून गेले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान हलवली. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तिला मात्र तोंडावर ताई आणि मागे थांबाताई म्हणत.

"ताई, मालकांनी ऐकलं ना, तर तुम्हालाच बोटीत बसवून पाठवतील."

"पाठवू देत की. खिडकीची केबिन द्या म्हणावं."

ती हसली. पण हे हसणं वरवरचं होतं, कारण खिडकीची केबिन तिला खरोखरच हवी होती आणि ती आईसाठी हवी होती.

तिचे वडील उभा जन्म बोटीवर होते. ऐकून लोकांना वाटे कप्तान वगैरे असतील. कसले कप्तान! तळाच्या मजल्यावर चादरी आणि टॉवेल धुण्याचं काम. समुद्रावर राहून त्यांना समुद्र दिसायचा तो सुट्टीला घरी यायला उतरताना. घरी आले की बायकोला म्हणायचे, "एकदा तुला खिडकीच्या केबिनमधून नेतो. मीही बघेन तुझ्याबरोबर, असतं तरी कसं ते." पुढे ते निवृत्त झाले, खोकल्याने धरलं, आणि एक दिवस गेले. खिडकी राहिली ती राहिलीच.

त्यातच आईच्या डोळ्यांचं निघालं. डोळ्यातला दाब. डॉक्टर म्हणाले, बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटी. थेंब घालत राहा, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू. बाहेर आल्यावर आई रिक्षाची वाट बघत फुटपाथवर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "नजर आहे तोवर एकदा बघून यावंसं वाटतं गं. ह्यांचं राहिलं, निदान माझं तरी."

आता दुसरी कोणी असती तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मोकळी झाली असती. पैसे नव्हते असंही नाही. पण जिने सगळ्या गावाला भाव शिकवला, तिने स्वतः चढ्या भावाने घ्यायचं? वकील जन्मभर चिडवत बसला असता. हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून मिठाई आणावी तसं ते झालं असतं.

"थोडं थांबू या आई," ती म्हणाली. "उतरेल."

"थांबू की," आई म्हणाली.

पहिल्या वर्षी भाव उतरला, पण शेवटची खिडकी एका म्हाताऱ्या जोडप्याला हवी होती आणि तिने ती स्वतःच्या हाताने त्यांना विकली. दुसऱ्या वर्षी बोट अशी भरली की भाव उतरायचं नावच घेईना, वर चढत गेला. रोज संध्याकाळी ती घरी येऊन आईला भाव सांगायची. आज एवढा उतरला, आज जैसे थे, आज मेला पुन्हा चढला. आई लहान मुलीसारखी ऐकायची. "अजून किती राहिलं गं उतरायचं?" असं विचारायची.

आणि याच सुमारास घरात काहीतरी शिरलं.

प्रथम ती मनाचे खेळ समजली. संध्याकाळी कुलूप उघडून आत यावं तर घरभर अंधार. त्या अंधारात आईचा आवाज, हळू, गप्पा मारल्यासारखा. दिवा लावला की आई खुर्चीत बसलेली दिसे, तोंड वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"आलीस? ह्यांना सांगत होते, पोरगी येईलच एवढ्यात."

"अगं, अंधारात काय बसतेस?"

"कशाला उगाच वीज जाळायची? आम्हा दोघांना काय वाचायचंय?"

आम्हा दोघांना! तिच्या अंगावर काटा आला.

मग चहाचे कप सापडू लागले. भलत्याच ठिकाणी, खिडकीच्या कट्ट्यावर, मोरीच्या कठड्यावर. काठोकाठ भरलेले, बशीत सांडलेले. वडील असेच कुठेही कप ठेवून विसरायचे. त्यांच्या चपला, दाराशी भिंतीला लावून ठेवलेल्या, कधी आडव्या, कधी पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिने सरळ कराव्यात, संध्याकाळी पुन्हा हललेल्या. एकदा तर तिने धीर करून रिकाम्या खुर्चीला विचारलं, "बाबा, काय हवंय तुम्हाला?" मग तिचं तिलाच कळलं. त्यांना काय हवं असणार? दिलेला शब्द पुरा व्हायला हवा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे आता आई शेजारणीबरोबर जाई. "तुझी रजा कशाला मोडायची?" काय म्हणाले विचारलं की उत्तर ठरलेलं: "आहे तेवढंच आहे म्हणाले."

तिसऱ्या वर्षी भाव उतरला. सुटायला आठवडा उरला असताना एक खिडकीची केबिन परत आली आणि आतल्या, बिनखिडकीच्या केबिनच्या भावात पडून राहिली. तिने वकिलालाही कळू न देता आधी स्वतःचं आणि आईचं नाव टाकलं. मग ओरडली. वकिलाने उठून टाळ्या वाजवल्या. "जिंकलात ताई!" त्या संध्याकाळी बातमी ऐकून आईने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गाल, कपाळ, डोळे. आनंदाने करतेय असं तिला वाटलं.

बोटीवर चढताना गर्दी फार. आईने तिचा दंड असा घट्ट धरला की बोटं रुतली. केबिन छोटीशी, पण नेटकी. मधे पलंग, एका अंगाला भलीमोठी गोल काच, दुसऱ्या अंगाला भिंतभर पांढरं कपाट, त्याच्या वर गार वाऱ्याची झडप. तिने आईला पलंगावर बसवलं. "खिडकी इथेच आहे बघ, समोर. मी कागद दाखवून येते, उठू नकोस."

ती परत आली तेव्हा आई उठली होती.

आई कपाटासमोर उभी होती. एक तळवा कपाटाच्या गुळगुळीत दारावर, चेहरा वर उचललेला, झडपेचा वारा तिच्या पांढऱ्या केसांतून जात होता. मागे गोल काचेतून ऊन आत येत होतं आणि सगळं तिच्या पाठीवर पडत होतं.

"आलीस? बघ गं, केवढं पाणी!" आई म्हणाली. "आणि वारा तरी किती! ह्यांनी सांगितलं होतं त्याहून मोठं आहे हे सगळं."

ती दारातच खिळली. ही काच उघडत नाही, तिच्यातून वारा येत नाही, हे तिने शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. एका क्षणात अंधारातलं बोलणं, सांडलेला चहा, पायाला लागून सरकलेल्या चपला, सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी जाऊन बसलं. घरात कोणी शिरलं नव्हतं. घरात अंधार होता आणि आईला तो कळत नव्हता. भूत असतं तर परवडलं असतं, भुताची समजूत तरी घालता आली असती. आई कधीपासून अशी होती? गेल्या वर्षी चढ्या भावाने घेतलं असतं तर? पहिल्याच वर्षी? तिला स्वतःची इतकी किळस आली की भिंतीवर डोकं आपटावं.

"गप्प का गं? आवडलं नाही?" आईच्या आवाजात भीती होती. पोरीला कळलं की काय, याची भीती.

"आवडलं ना. खूप निळं आहे, आई."

"तेच म्हणते मी. निळंच निळं." आईने सुटकेचा श्वास सोडला. "थांबलो ते बरं झालं बघ. तू म्हणालीस तशीच मिळाली शेवटी."

आईचे खांदे धरून तिला वळवायला किती वेळ लागला असता? पण वळवून दाखवायचं काय? तिने कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या उचलल्या, आवाज न करता कपाटासमोर मांडल्या, आईला एकीत बसवलं आणि दुसरीत आपण बसली. आईने तिचा हात हातात घेतला.

मागच्या काचेत बंदराचा धक्का हलला. निरोप द्यायला आलेली माणसं, गोदामं, क्रेन, सगळं हळूहळू बाजूला सरकलं आणि मग नुसतं पाणी राहिलं. दोघींपैकी कुणीही ते पाहिलं नाही.