सहा काळे प्लग

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. रस्त्यावर तुम्हाला दिसतात तसा डिझेलवर चालणारा नव्हे. मी पेट्रोल पितो आणि माझ्या इंजिनात सहा स्पार्क प्लग आहेत. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. तिच्या टोकाशी ठिणगी पडते, आतले पेट्रोल पेटते आणि मी चालतो. एवढ्याशा वस्तूपायी मी भंगारात जाता जाता राहिलो.

माझा जन्म जबलपूरच्या कारखान्यात झाला आणि तारुण्य फौजेत गेले. डोंगरातले लांब चढ, पाठीवर ओझे, दिवसभर धाव. जवान बॉनेटवर थाप मारून मला शाबासकी देत. पुढे नव्या गाड्या आल्या, मी बरीच वर्षे एका शेडमध्ये धूळ खात पडलो आणि शेवटी लिलावात निघालो. मालेगावजवळचे मारोतराव मला घेऊन आले. ते भाजीपाला पिकवतात. मी त्यांच्या वावरातली वांगी, मेथी, गोबी बाजारात पोहोचवू लागलो. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर त्यांची सून रूपाली मला चालवू लागली. तिचा हात हलका आहे.

मागच्या हिवाळ्यात मला खोकला लागला. उभ्या जागी इंजिन थरथरे, चढावर दम तुटे. मारोतरावांनी जुन्याच नंबरचे सहा नवे प्लग आणले. थोडे दिवस मी छान पळालो आणि मग पुन्हा तेच. मला काय होते आहे, हे माझे मलाच कळेना.

एका सकाळी मारोतरावांनाही घेऊन बाजाराला जाताना मी रेल्वे फाटकात, अगदी रुळांवर बंद पडलो. रूपालीने पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. मी नुसता फुरफुरलो. लोक धावले आणि सगळ्यांनी मिळून मला पलीकडे ढकलले. आगगाडी यायला अवकाश होता, तरी मारोतरावांना घाम फुटला होता.

"बस झालं," ते म्हणाले. "भंगारवाल्याले बलावतो आता. ह्या डब्ब्यासाठी तुही जान धोक्यात नाही टाकत मी."

"मामाजी, नवे प्लग टाकूनबी गाडी काहून बंद पडून राह्यली, तेवढं मले पाहू द्या. नाही समजलं तं खुशाल इका," रूपाली सासऱ्यांना म्हणाली.

मारोतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "आइतवारपरेंत पाह्य. सोमवारी भंगारवाला येईन."

रूपालीने मानोरा गावाकडचे मिस्त्री प्रेमसिंग यांना बोलावले. दोघांनी मला सुरू करून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दरवेळी इंजिन सारखेच मंदावले. म्हणजे दोष कुठल्याही एका सिलिंडरचा नव्हता. मग मला थंड होऊ देऊन त्यांनी सहाही प्लग काढले आणि गोणपाटावर ओळीने मांडले. सहाही काळे! चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी कोरडी काजळी.

"तेलकट असते तं पिस्टनची रिंग गेली म्हटलं असतं," प्रेमसिंग म्हणाले. "एकच काळा असता तं त्या एका सिलिंडरचं दुखणं. हे तं सारेच कोरडे काळे." पेट्रोल जास्त जाते का म्हणून त्यांनी चोक पाहिला, तो नीट उघडत होता. हवेची जाळीही साफ होती. त्यांनी डोके खाजवले. "मलेबी समजून नाही राह्यलं."

रूपाली एक प्लग उजेडात फिरवत राहिली.

"मिस्त्री, मागं संत्रं घेऊन नागपूरले गेलतो, तवा गाडी एकडाव खोकलली नाही. घरी येऊन मी प्लग काढला, तं बिस्किटासारखा भुरा होता. हाच नंबर. मंग इथंच काहून काळा होते?"

"नागपूरपरेंत लंबी धाव. प्लग तापला, काजळी जळून गेली."

"अन् इथं वावर ते बाजार, थोडसंच अंतर. तापतच नाही!"

प्रेमसिंगांनी कपाळावर हात मारला. "अवं, हे फौजेचे थंडे प्लग हायत! लंब्या चढात इंजिन लई तापते, म्हणून लवकर न तापणारे. आपण तोच नंबर आणत राह्यलो."

मित्रांनो, हे ऐकून मी चकित झालो. मी फौज केव्हाच सोडली होती, पण माझे प्लग अजून तिथलीच चाकरी करत होते.

मग एक पायरी गरम जातीचा, म्हणजे लवकर तापणारा प्लग शोधायचा होता. दुकानदाराने दिलेला प्लग रूपालीने जुन्याशेजारी धरला. त्याचे आटे लांब होते. "हा आत पिस्टनले लागन," म्हणून तिने तो परत केला. दुसऱ्या दुकानात बरोबर लांबीचे मिळाले. तिने पातळ पट्टीने प्रत्येकाच्या टोकाची फट मोजली, आधी हाताने आटे बसवले आणि मग पान्याने बेताने आवळले.

पुढचे काही दिवस मी वावर ते बाजार ये-जा केली. रविवारी गोबी भरून निघालो, तेव्हा मारोतराव शेजारी बसले. चढ संपला तसे ते म्हणाले, "थांबव."

रूपालीने मला कडेला घेतले, इंजिन चालूच ठेवले. ते उतरले, बॉनेटवर तळवा टेकून माझा आवाज ऐकत उभे राहिले. मी एकदाही अडखळलो नाही.

"भंगारवाल्याले फोन लाव," ते म्हणाले. "म्हणाव, येऊ नोको."

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे आजारी पडली की लगेच दोष वयाला देऊ नका. काढलेला भाग फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. आमच्याकडून आज कोणते काम घेता, तेही आठवा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही लपवत काहीच नाही.

आता माझे प्लग मारोतराव स्वतः काढून बघतात. परवाच त्यांनी एक उन्हात धरला आणि अंगणातून ओरडले, "रूपाली, धावत ये! पाह्य बरं, कसा भुरा निंगाला!"