शुक्लपक्षातला बांबू

फाल्गुन होता. वैनगंगेकाठचं रान पळसांनी पेटलं होतं. केशरी, कुंकवी, रक्तवर्णी. पानं झडलेली, फुलं उधळलेली, आणि त्या आरक्त कोलाहलात बांबूचं बेट तेवढं हरितश्यामल, सळसळतं, स्वतःशीच कुजबुजत उभं. ऊन अजून कलंडलं नव्हतं, तरी पूर्वेला नवमीचा चंद्र आला होता. फिकट, पारदर्शी, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. डोमाजी बुरुडाने तो पाहिला आणि मान खाली घातली.

कारण त्याच्या घराण्यात चंद्र वाढत असताना बांबूला कोयता लावत नसत. शुक्लपक्षात बांबूत गोड रस चढतो आणि त्या रसाला कीड लागते, हे बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. बांबू तोडायचा तो कृष्णपक्षात. मग एकवीस दिवस वाहत्या नाल्यात निजवायचा, मग महिनाभर सावलीत सुकवायचा. सत्तरीपर्यंत डोमाजीने हा नेम एकदाही मोडला नव्हता.

मोडला तो नागपूरच्या शाल्मलीपायी. तिने नवं घर बांधलं होतं. प्लायवूड नको, प्लास्टिक नको, आपल्या घरासाठी एकही वृक्ष आडवा व्हायला नको, असा त्या तरुण बाईचा हट्ट. मोठा गोड हट्ट, आणि तितकाच उतावळा. तिला बैठकीच्या खोलीत बांबूचं बाक हवं होतं, तिघांना ऐसपैस बसता येईल असं, कमानदार पाठीचं. डोमाजीने ज्येष्ठाचा वायदा केला. तिने अक्षय तृतीया सांगितली, कारण त्या दिवशी वास्तुशांत होती.

"दार उघडलं की आधी तुमचं बाकच दिसेल, काका," ती म्हणाली.

म्हातारा तिथेच विरघळला. आयुष्यभर त्याने सुपं विणली, ती स्वयंपाकघरात राहिली. टोपल्या विणल्या, त्या गोठ्यात गेल्या. तिरडीचे बांबू दिले, ते तर उंबऱ्याच्या आतही आले नाहीत. कुणाच्या दिवाणखान्याने, त्या शुभ्र, सुबक, सुगंधी दिवाणखान्याने, त्याच्या हातचं काही म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आता पाहावं, असं त्याला फार वाटलं. सत्तरीत माणसाला असं वाटू नये, असं थोडंच आहे?

कोयता चालला. बेट थरथरलं, पळसाची चार फुलं गळाली. ना नाल्याचं शीतल पाणी, ना सावलीतला सावकाश महिना. बांबू सरळ अंगणात आला.

चैत्रभर डोमाजी राबला. जाळावर शेकून शेकून त्याने कमान वाकवली. बोटं थरथरायला लागली होती, सुरी मध्येच निसटत होती, आणि हे आपल्या हातचं शेवटचं मोठं काम हे त्याला कळून चुकलं होतं. म्हणून त्याने जीव ओतला. वास्तुशांतीला ते बाक पोचलं. सुवर्णवर्ण, सुडौल, वाऱ्यात वाकलेल्या बांबूचीच लय पाठीत घेऊन. पाहुणे थबकले, हात फिरवून गेले, फोटो काढून गेले. डोमाजी कोपऱ्यात उभा राहून ते पाहत होता. मन निर्धास्त नव्हतं, पण त्या दिवशी तो सुखी होता.

श्रावणात, एका ओल्या धूसर सकाळी, शाल्मलीला बाकाखाली पिवळसर भुकटी दिसली. मऊ, महीन, जात्याभोवती पीठ सांडावं तशी. तिने झाडली. दुसऱ्या दिवशी तेवढीच होती. आतून किडे बांबू पोखरत आहेत, हे एका जाणत्या सुताराने तिला सांगितलं. घाईत तोडलेल्या बांबूचं असंच होतं, हेही सांगितलं. घाई कुणाची होती, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्याच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. मग रोज सकाळी केरसुणी, कुणी येणार असलं की पुन्हा केरसुणी. श्रावण सरला, भाद्रपद सरला, आश्विन सरला, भुकटी काही सरली नाही.

कार्तिकात पुतणीच्या लग्नाला नागपुरात आलेला डोमाजी, निघण्याआधी आपलं बाक बघायला म्हणून तिच्या दारात उभा राहिला. फरशी लख्ख होती. शाल्मली चहा करायला आत गेली, आणि खोलीत शांतता पसरली.

त्या शांततेत त्याला ऐकू आलं. कुर्र, कुर्र, थांबून पुन्हा कुर्र. डोळे मंदावले होते, बोटं थकली होती, पण बांबू ऐकणारा कान अजून शाबूत होता. त्याने वाकून बाकाखाली तळवा फिरवला. धुळीचा कणही लागला नाही. आत एवढी कीड, आणि खाली एवढी स्वच्छता? ही पोर किती दिवस, किती महिने, आपली चूक झाडत होती, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती कप घेऊन आली ती दारातच थबकली. मग भराभर सांगू लागली, की चूक तिचीच होती, तिनेच तारखेसाठी मागे लागून घाई केली होती.

"घाई तुमची होती, ताई," डोमाजी म्हणाला. "पण कोयता माह्या हातात होता. अन् चंद्र मले दिसला होता."

बाक घरात ठेवता येणार नव्हतं. कीड दाराच्या चौकटीत शिरेल, पुस्तकांच्या फळ्यांत शिरेल, असं त्याने समजावलं. ते घेऊन जातो म्हणाला. दुसरं करून देतो, असं मात्र म्हणाला नाही. नुसते हात पुढे केले. ते थरथरत होते. शाल्मलीने ते पाहिले आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"न्यायच्या आधी एकदा बसा ना, काका."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बाकाभोवती तो बसला होता, बाकाशेजारी बसला होता, सबंध चैत्र बाकापाशी उकिडवा बसला होता. बाकावर कधी बसला नव्हता.

डोमाजी बसला. बसला म्हणजे नुसता टेकला. पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर, आपला भार त्याला होऊ नये म्हणून श्वास राखून. खिडकीतून कार्तिकाचं तांबूस, तिरपं, तलम ऊन आत आलं होतं. आणि त्या उन्हात, त्याच्या पायांमागे, सोनेरी भुकटी झरत होती. हळूहळू झरत होती, आणि दोघांपैकी कुणीच खाली पाहत नव्हतं.