घरच्या अक्षता

माझे वडील धर्मराज हे तळवलीतले नामांकित शेतकरी. त्यांना शेतात उतरलेलं मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

गावच्या जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बाबांनी चार मजले चढवले आणि भाडेकरू भरले. तेव्हापासून गळ्यात जाडजूड चेन घालून देवळासमोर पत्ते कुटणं हाच त्यांचा उद्योग. नवं माणूस भेटलं की छाती फुगवून सांगणार, "आमी शेतकरी मानसं. आमच्या घरात इकतचा तांदूल शिजत नाय." तेवढं मात्र खरं होतं. फक्त तो तांदूळ पिकवायची आई.

आई म्हणजे सुमित्राबाई. विजेच्या मोठ्या तारांखाली आमचं एक भाताचं खाचर उरलं होतं, तेही तिथे इमारत उभी राहू शकत नाही म्हणून. त्यात आई पालापाचोळा पेटवून राब भाजायची, पेरायची, गुडघाभर चिखलात लावणी करायची, कापणी झाली की भात झोडून कणगीत भरायची. मी तान्ही असताना मला बांधावर टोपलीत निजवून तिने लावणी केली आहे. शेतावरून आल्यावर हातपाय धुऊन पुन्हा भाकऱ्या थापायच्या, कारण शेतकरीबुवा पत्ते खेळून दमून आलेले असत. ताटावर बसून वर म्हणत, "भाकर जरा जाड झाली गो." उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. आमच्याकडे तो उंटही आईनेच पोसला होता.

माझं लग्न ठरलं ते नावड्याच्या प्रसादशी. सासरे सिताराम अजून स्वतः भाजीपाला लावतात. त्यांच्यापुढे बाबांनी शेतीचं असं पुराण लावलं की मला तिथे बसवेना. "पोरीच्या अक्षता माझ्या शेतातल्या," असा शब्दही देऊन टाकला. आमच्या घराण्यात तसा रिवाजच आहे. विकतच्या तांदळाच्या अक्षता टाकणं म्हणजे घराला शेत उरलं नाही अशी गावभर दवंडी.

आणि याच माणसाने लग्नाच्या तोंडावर त्या खाचरात भराव टाकायचं ठरवलं! उन्हाळ्यात खाचर रिकामंच असतं, म्हणून वऱ्हाडाच्या गाड्या तिथे लावायच्या होत्या. गाड्यांचा विचार करता करता बाबांना सुचलं की इथे कायमचंच पार्किंग केलं तर? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर येणार होते. आईला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"मंग मी लावनी कुठं करू?" आई म्हणाली.

"बास झाली आता ती चिखलाची हौस. आराम कर."

हौस म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडले, तर मला म्हणाले, "सुचिते, तू सासरी जानार. तुला काय करायचंय?" आई त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला ओळखीची होती. भातात तण दिसलं की ती तशीच बघते.

लग्नाच्या दिवशी बाबांनी सकाळपासून जो माईक हातात धरला तो सोडायचं नाव नाही. अमुकशेट आले, तमुकसाहेब आले, सगळ्यांचं स्वागत चालू. वऱ्हाड आलं, सासरे पुढच्या खुर्चीत बसले. मी मुंडावळ्या बांधून तयार होते. आमच्या लग्नांत गाणी म्हणत विधी करून घेणारी धवलारीण रिकामं सूप घेऊन आईपुढे उभी राहिली.

"सुमित्रे, अक्षतांचे तांदूल आन."

आई बाबांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. "कनगीत आता बियानंच उरलंय. त्ये कसं देऊ? लावनीला लागंल."

"अगो, बियानं कशाला ठेवतंस?" बाबा वैतागून म्हणाले. "उद्या भराव पडनार. आपलं शेत हाय कुठं आता?"

माईक चालू होता. भटारखान्यातल्या आचाऱ्यानेही कढईतला डाव थांबवून मान वर केली.

सासरे उठून उभे राहिले. "धर्मराजशेट, शेत नाय? मंग आमच्या घरी येऊन सांगितलंत त्ये काय व्हतं? आनि अक्षता कशाच्या टाकायच्या?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायकोचे कष्ट या माणसाला जन्मभर दिसले नाहीत. पण व्याह्यापुढे नाक कापलं जातंय म्हटल्यावर अक्कल लगेच ठिकाणावर आली. त्यांनी तिथेच खिशातून फोन काढला, माईक तसाच हातात. "ए किसन, उद्या डंपर पाठवू नको. उद्या नाय, परवा नाय, कदीच नाय. लावनी करायचीय आमाला."

आमाला! मला हळद लागलेली नसती तर मी तिथेच काहीतरी बोलले असते.

फोन ठेवलेला आईने नीट पाहिला. मग ती घरात गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. घरचे जाडे तांदूळ, कांडलेले, निवडलेले, हळद-कुंकू लावून वाळवलेले. धवलारीण ते सुपात ओतून घेताना तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांना मात्र तांदूळ कधी कांडून झाले, असा प्रश्नही पडला नाही. त्यांचं पुढच्या पाहुण्यांचं स्वागत सुरू झालं होतं.

जुलैत मी आणि प्रसाद लावणीला माहेरी आलो. आम्ही तिघं चिखलात, आणि बाबा पांढऱ्या शर्टात बांधावर उभे. माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावून दाखवत होते, "बघा, लावनी चाललीय आमची."

आई वाकलेली उठली. रोपांची एक जुडी तिने त्यांच्यापुढे धरली. "या खाली."

बाबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "पाय भरतील गो."

फोनमधून सासरे सगळं ऐकत होते. आईने हात मागे घेतला.

"मंग बांधावरून तरी हटा," ती म्हणाली. "ताजा घातलाय, तुमच्या वजनानं खचतोय."